तोफखाना की दवाखाना : कॅनडातील खर्चाच्या वादात मुद्देसूद कसे बोलावे

“एका एफ-३५ लढाऊ विमानाच्या पैशांत किती रुग्णालये उभी राहिली असती?” कॅनडात संरक्षणखर्चाचा विषय निघाला, की शाळेच्या वादविवाद स्पर्धेपासून घरच्या जेवणाच्या टेबलापर्यंत हा प्रश्न कोणीतरी टाकतोच. त्यावर टाळ्याही मिळतात. मात्र समोरचा वक्ता तयारीचा असेल, तर तो शांतपणे एवढेच विचारतो, की कॅनडात रुग्णालये बांधते कोण. आणि या एका प्रतिप्रश्नाने पहिले भाषण कोलमडताना मी परीक्षकाच्या खुर्चीवरून अनेकदा पाहिले आहे. म्हणून या विषयाची तयारी भावनेपासून किंवा युद्ध-शांतीच्या तत्त्वज्ञानापासून सुरू करू नये. ती एका डॉलरपासून सुरू करावी : तो कोणाच्या तिजोरीतला, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या हिशेबपद्धतीने मोजलेला?

पहिला भाग तिजोरीचा. १८६७ च्या घटना कायद्याच्या कलम ९१ नुसार सैन्य आणि संरक्षण हा केंद्राचा, म्हणजे ओटावाचा विषय आहे. रुग्णालये कलम ९२ नुसार आणि शिक्षण कलम ९३ नुसार प्रांतांकडे आहे. ओटावा प्रांतांना आरोग्यासाठी पैसे देते आणि त्यातला सर्वांत मोठा प्रवाह म्हणजे ‘कॅनडा हेल्थ ट्रान्सफर’, जो २०२५-२६ मध्ये सुमारे ५४.७ अब्ज डॉलरचा होता. ही रक्कम दर वर्षी अर्थमंत्र्यांच्या मनावर ठरत नाही. अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या तीन वर्षांच्या सरासरीइतकी, आणि किमान ३ टक्के, अशी तिची वाढ सूत्राने बांधलेली आहे. शिवाय २०२३ मध्ये प्रांतांशी झालेल्या बोलणीनंतर पाच वर्षांसाठी ५ टक्के वाढीची हमी देण्यात आली. वृद्धांना मिळणारे ‘ओल्ड एज सिक्युरिटी’ निवृत्तिवेतनही कायद्याने ठरलेले आणि महागाईशी जोडलेले आहे, आणि त्यावर वर्षाला सुमारे ८० अब्ज डॉलर खर्च होतात. ‘कॅनडा पेन्शन प्लॅन’ तर अर्थसंकल्पाच्या बाहेरच आहे, कारण तो कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर चालतो. तेव्हा “विमाने घेतली म्हणून आजोबांची पेन्शन कापली” हे वाक्य पुराव्यानिशी सिद्ध करणे फार अवघड आहे आणि सामाजिक खर्चाची बाजू मांडणाऱ्याने ते टाळलेलेच बरे.

मग दोन खर्चांची खरी टक्कर कुठे होते? जो खर्च संसद दर वर्षी मतदानाने मंजूर करते, त्या भागात. मंत्रालयांचा चालू खर्च, खुद्द संरक्षण खाते आणि मुदतीच्या करारांवर उभे असलेले नवे कार्यक्रम तिथे एकमेकांच्या शेजारी बसलेले असतात. २०२१ च्या अर्थसंकल्पाने पाच वर्षांसाठी ३० अब्ज डॉलर दिलेली, दिवसाला सरासरी १० डॉलरच्या पाळणाघरांची योजना, डिसेंबर २०२३ मध्ये ज्येष्ठांपासून सुरू झालेली दंतोपचार योजना, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कायदा होऊन मधुमेहाच्या व गर्भनिरोधक औषधांपासून आरंभ झालेली औषध योजना हे सगळे अजून कोवळे आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात बहुतेक खात्यांना तीन वर्षांत १५ टक्क्यांपर्यंत बचत शोधायला सांगण्यात आले, तर संरक्षण खाते, केंद्रीय पोलीस आणि सीमा सेवा यांना केवळ २ टक्क्यांचे उद्दिष्ट मिळाले. सामाजिक बाजूच्या वक्त्याला हवा असलेला पुरावा हाच आहे. पेन्शनच्या नावाने गळा काढण्यापेक्षा १५ आणि २ हे दोन आकडे शेजारी ठेवून थोडे थांबावे. परिणाम कितीतरी जास्त होतो.

दुसरा भाग मोजणीचा, आणि बहुतेक वाद इथेच घसरतात. नाटो या लष्करी आघाडीतले देश, ज्यांत कॅनडाही आहे, संरक्षणखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) टक्क्यांत सांगतात. कॅनडाची अर्थव्यवस्था वर्षाला सुमारे ३ लाख कोटी डॉलरची आहे, म्हणून एक टक्का म्हणजे साधारण ३० अब्ज डॉलर हे गणित तोंडपाठ असावे. (मराठीत तयारी करणाऱ्यांची इथे हमखास चूक होते : एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. भारतीय बातम्यांतले कोटी आणि कॅनडातले अब्ज एकाच भाषणात मिसळले, की शून्ये गळतात.) २०१४ च्या वेल्समधील परिषदेत २ टक्क्यांचे लक्ष्य ठरले. एप्रिल २०२४ च्या कॅनडाच्या संरक्षण धोरणात २०२९-३० पर्यंत १.७६ टक्क्यांचाच अंदाज होता. त्याच वर्षी जुलैमध्ये तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी २ टक्क्यांसाठी २०३२ चे वर्ष सांगितले, आणि ९ जून २०२५ रोजी त्यांच्यानंतरचे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी हे लक्ष्य २०२५-२६ या आर्थिक वर्षातच गाठण्याची घोषणा केली. त्यानंतर काही दिवसांतच हेग येथे नाटोने २०३५ साठी ५ टक्क्यांचे नवे उद्दिष्ट स्वीकारले, ज्यात ३.५ टक्के थेट संरक्षणासाठी आणि १.५ टक्के रस्ते, बंदरे, सायबर सुरक्षा अशा पूरक गोष्टींसाठी धरले आहेत.

आता हा टक्का कसा वाढतो ते पाहावे. २०२५ मध्ये तटरक्षक दल मत्स्य खात्याकडून संरक्षण खात्याकडे गेले. जहाजे तीच होती, खलाशी तेच होते, फक्त खाते बदलले. प्रतिपक्षाने केवळ टक्केवारी फेकली, तर “यातला नवा खर्च किती आणि नुसता खांदेपालट किती?” असे विचारावे. दुसरीकडे, सैनिकांची पगारवाढ हासुद्धा संरक्षणखर्चच आहे. २०२५ मध्ये तळच्या पदांवरील जवानांना २० टक्क्यांपर्यंत वाढ जाहीर झाली, आणि भाडे परवडत नाही म्हणून सैन्य सोडणाऱ्या तरुण जोडप्याच्या दृष्टीने ती घरखर्चाचीच तरतूद असते.

याहून सूक्ष्म फरक रोख पद्धत आणि घसाऱ्याची पद्धत यांत आहे. नाटोचा हिशेब रोख असतो : या वर्षी जहाजासाठी जेवढे पैसे दिले तेवढे मोजले. कॅनडाचा अर्थसंकल्प मात्र जहाजाची किंमत ते वापरात असेल त्या सगळ्या वर्षांवर वाटून तुटीत धरतो. म्हणूनच ४ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पातील संरक्षणाची एकच तरतूद पाच वर्षांसाठी रोख पद्धतीने ८१.८ अब्ज डॉलर दिसते आणि घसाऱ्याच्या पद्धतीने सुमारे ३० अब्ज. दोन्ही आकडे खरे आहेत. एक वक्ता पहिला आकडा घेऊन तुटीवर बोलू लागला आणि दुसरा वक्ता दुसरा आकडा घेऊन नाटोवर, तर दोघांची भाषणे एकमेकांना भेटतच नाहीत.

हीच काळजी विमानांबाबत घ्यावी. २०२३ च्या आरंभी ८८ एफ-३५ विमानांची खरेदी १९ अब्ज डॉलरची म्हणून जाहीर झाली होती. जून २०२५ मध्ये महालेखापाल कॅरन होगन यांच्या अहवालाने हा अंदाज २७.७ अब्जांवर गेल्याचे सांगितले. वाढ मोठी आहे आणि सामाजिक बाजूने ती जरूर वापरावी. पण ती रक्कम अनेक वर्षांत विभागून जाणार आहे. तिची तुलना आरोग्याच्या एका वर्षाच्या निधीशी केली, तर जाणता प्रतिपक्ष तिथेच पकडेल.

संरक्षणाच्या बाजूने उभे राहणाऱ्याने “हे कराराचे बंधन आहे” असे म्हणताना शब्द जपून वापरावेत. २ टक्के आणि ५ टक्के या राजकीय वचनबद्धता आहेत. नाटोच्या मूळ करारात टक्केवारी नाही. करारातील तिसरे कलम मात्र प्रत्येक सदस्याने सशस्त्र हल्ल्याचा प्रतिकार करण्याची आपली क्षमता राखावी आणि वाढवावी असे सांगते, आणि तेवढाच आधार घेतला तर मुद्दा मजबूत राहतो. त्याहून वजनदार मुद्दा भूगोलाचा आहे. उत्तर ध्रुवाकडील बर्फ वितळत आहे, अमेरिकेसोबतच्या हवाई संरक्षण व्यवस्थेच्या आधुनिकीकरणासाठी २०२२ मध्येच वीस वर्षांत ३८.६ अब्ज डॉलरची योजना जाहीर झाली आहे, आणि कॅनडाला अमेरिकेचे एक्कावन्नावे राज्य करण्याची भाषा खुद्द शेजारच्या अध्यक्षांनी केल्यानंतर अमेरिकेवर किती विसंबायचे हा प्रश्न जुन्या शांततावादी मतदारालाही पडला आहे. सामाजिक बाजूने या मुद्द्याची थट्टा करू नये. “धोका मान्य आहे; पण टक्केवारी किती पैसे गेले ते सांगते, सामर्थ्य किती आले ते सांगत नाही” असे म्हणून वाद खरेदीतील विलंब, मनुष्यबळाची टंचाई आणि वाढते अंदाज यांच्याकडे वळवावा.

इतिहासातून उदाहरण घ्यायचे, तर नव्वदच्या दशकाइतके उपयोगी दुसरे नाही. १९९३ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाचे नेते ज्याँ क्रेतिएँ यांनी पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरांची महागडी खरेदी हा प्रचाराचा मुद्दा केला आणि सत्तेवर येताच ती रद्द केली. रद्द करण्याचाच खर्च सुमारे ५० कोटी डॉलर झाला, आणि १९६३ मध्ये दाखल झालेली ‘सी किंग’ हेलिकॉप्टरे अखेर २०१८ मध्ये निवृत्त झाली. वाचवलेले पैसे पुढच्या पिढीला किती महागात पडतात, हे संरक्षण बाजूला यातून दाखवता येते. पण गोष्ट इथे थांबवू नये. १९९५ मध्ये अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी सैन्याचा खर्च कापला आणि त्याच अर्थसंकल्पात प्रांतांना मिळणाऱ्या आरोग्य व सामाजिक निधीलाही मोठी कात्री लावली. तोफखाना आणि दवाखाना दोघेही एकाच वेळी उपाशी राहिले, कारण सरकारी उत्पन्नाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग व्याजात जात होता. म्हणजे त्या वर्षी खरा स्पर्धक कर्ज होते, आणि हा तिसरा भिडू ज्या वक्त्याला दिसतो तो वादाची दिशा बदलू शकतो. आजही व्याजाचा वार्षिक खर्च आरोग्य निधीच्या जवळपास पोहोचला आहे, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२५-२६ ची तूट ७८.३ अब्ज डॉलर धरली होती.

म्हणूनच दोन्ही बाजूंनी कराचा प्रश्न अंगावर घ्यायची तयारी ठेवावी. स्टीफन हार्पर यांच्या सरकारने वस्तू व सेवा कर २००६ आणि २००८ मध्ये एकेक टक्क्याने कमी करून ७ वरून ५ वर आणला, आणि आज त्यातला एक टक्का वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलर देतो. “दोन्हीही करू” असे म्हणणाऱ्याला हा टक्का परत वाढवणार का, असे थेट विचारावे. उत्तर ‘हो’ आले, तर तो प्रामाणिक आहे आणि त्याचा मुद्दा आता कठीण झाला आहे. उत्तर टाळले गेले, तर परीक्षकांना ते दिसतेच.

प्रतिवादासाठी एक प्रसंग दोन्ही बाजूंनी सांगता येईल इतका घोटून ठेवावा. २०२० च्या वसंतात कोविडने क्युबेक आणि ऑंटॅरिओतील वृद्धांच्या निगा केंद्रांत हाहाकार माजवला, तेव्हा तिथे सैनिक पाठवावे लागले. गणवेशातल्या जवानांनी आजीआजोबांना जेवण भरवले आणि अंथरुणे बदलली. ऑंटॅरिओतील पाच केंद्रांविषयी सैन्याने लिहिलेला अहवाल त्याच मे महिन्यात प्रसिद्ध झाला. त्यात झुरळांपासून तासन्‌तास मळलेल्या कपड्यांत पडून राहिलेल्या वृद्धांपर्यंत सगळे नोंदवलेले होते. संरक्षण बाजू म्हणेल, की संकटात शिस्तबद्ध मनुष्यबळ उभे करू शकणारी हीच एक संस्था देशाकडे आहे. सामाजिक बाजू म्हणेल, की निगा केंद्रांत पुरेसे कर्मचारी असते तर सैनिक बोलवावेच लागले नसते, आणि लढण्यासाठी शिकवलेल्या माणसाकडून ते काम करून घेणे सर्वांत महाग पडते. सरावात आपली बाजू सोडून आधी समोरची बाजू या प्रसंगावर दोन मिनिटे मोठ्याने बोलून पाहावी. ज्याला हे जमत नाही, त्याची तयारी झालेली नाही असे खुशाल समजावे.

टोरंटो परिसरातील मराठी घरांत हा वाद होतो, तेव्हा त्याला आणखी एक धार असते. २०२२ च्या अखेरीपासून कायम रहिवाशांनाही कॅनडाच्या सैन्यात अर्ज करता येतो, त्यामुळे मुलाने “मी जाऊ का?” असे विचारण्याची शक्यता आता केवळ काल्पनिक नाही. दुसरीकडे, नंतर येऊन राहिलेल्या आईवडिलांना वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी सहसा अठराव्या वर्षानंतर कॅनडात दहा वर्षे वास्तव्य लागते. अशा घरात बोलताना स्पर्धेतला आवेश खाली ठेवावा. काकांनी आकडा चुकीचा सांगितला, तर तो खोडण्याआधी “काका, हा पाच वर्षांचा आहे की एका वर्षाचा?” एवढेच विचारावे, बहुतेक वेळा चूक त्यांची त्यांनाच सापडते.

प्रत्यक्ष भाषणासाठी एकच कागद पुरतो. त्यावर तीन रकाने आखावेत : रक्कम, किती वर्षांची, आणि कोणत्या सरकारची. ज्या आकड्याचे तिन्ही रकाने भरत नाहीत, तो भाषणातून काढून टाकावा, मग तो कितीही चमकदार असो. सहा-सात आकडे राहिले तर पुष्कळ झाले. आकडा उच्चारताना आधी वर्ष सांगावे, मग रक्कम, आणि मग ती आपल्या मुद्द्याला काय करते ते. श्रोत्याच्या कानाला हा क्रम सोपा जातो. शेवटचे मिनिट ठोस मागणीसाठी राखून ठेवावे. “सामाजिक न्याय हवा” किंवा “देश सुरक्षित हवा” यावर ते खर्च करू नये. ३.५ टक्क्यांकडे जाताना दर वर्षी वाढणाऱ्या रकमेपैकी किती रक्कम, कोणत्या वर्षापासून, कोणत्या कार्यक्रमाला द्यावी किंवा देऊ नये, आणि ती करातून यावी, कर्जातून यावी की दुसऱ्या खात्यातून, हे नाव घेऊन सांगावे आणि घड्याळ वाजण्याआधी बसावे.