बेपत्ता व्यक्तींच्या केसेस अभ्यासायच्या असतील तर

या विषयात नव्याने आलेला माणूस हमखास सगळ्यात गाजलेली, अजून न सुटलेली केस उचलतो. दोन रात्री जागून मिळेल ते वाचतो आणि तिसऱ्या दिवशी त्याचा संशयित ठरलेला असतो. हे टाळायचं असेल तर पहिली केस सुटलेली घ्या. उत्तर हाताशी ठेवून जुनी कात्रणं वाचली की कोणता तपशील खरा ठरला आणि लोक कशामागे उगाच धावले, हे लख्ख दिसतं.

सरावासाठी सॉमर्टनची केस उत्तम. १ डिसेंबर १९४८ रोजी ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या सॉमर्टन किनाऱ्यावर एका पुरुषाचा मृतदेह सापडला. कपड्यांची लेबलं काढलेली होती, आणि पँटच्या चोरखिशात एका कवितासंग्रहाच्या शेवटच्या पानावरून फाडलेला ‘तमाम शुद’ (फारसीत ‘संपलं’) या छापील शब्दांचा कपटा होता. शीतयुद्धाचे दिवस, त्यामुळे ‘हा गुप्तहेरच’ या कल्पनेवर पुढची सत्तर वर्षं शाई खर्ची पडली. त्याचा मुखवटा घडवताना प्लास्टरमध्ये अडकलेल्या केसांतून डीएनए मिळवला गेला. त्यावरून प्राध्यापक डेरेक ॲबट आणि वंशावळतज्ज्ञ कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी २०२२ मध्ये जाहीर केलं, की हा १९०५ साली जन्मलेला, मेलबर्नचा, विजेच्या उपकरणांचं काम करणारा कार्ल वेब. पोलिसांनी तेव्हा याला अधिकृत दुजोरा दिला नव्हता. गंमत अशी, की रेल्वे स्टेशनवर मिळालेल्या त्याच्या सुटकेसमधल्या टायवर ‘टी. कीन’ हे नाव सुरुवातीपासून होतंच. त्या नावाचा कोणी बेपत्ता नाही म्हणून तो धागा सोडून दिला गेला. वेबच्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव होतं थॉमस कीन. कपड्यावरच्या नावावरून तो कपडा कधीतरी कोणाचा होता एवढंच कळतं, तो शेवटी कोणाच्या अंगावर होता ते कळत नाही.

आता प्रत्यक्ष काम. एक स्प्रेडशीट उघडा आणि पाच रकाने करा: घटनेची तारीख-वेळ, काय घडलं, कोण सांगतं, त्याने ते कधी सांगितलं, आणि ते कुठे छापून आलं. नवखे पहिले दोन रकाने भरून थांबतात. खरा माल चौथ्या रकान्यात असतो. घटनेनंतर दुसऱ्या दिवशी दिलेला जबाब आणि सहा वर्षांनी मुलाखतीत आठवलेली गोष्ट एकाच वजनाची धरली, की टाइमलाइन तिथेच बिघडते.

‘शेवटचं पाहिलं’ ही नोंद कधीही एकाच ओळीत लिहू नका. तिच्या तीन ओळी होतात. त्या व्यक्तीशी काही संबंध नसलेल्या माणसाने शेवटचं कधी पाहिलं, जवळच्या माणसाच्या सांगण्याप्रमाणे शेवटचं कधी पाहिलं, आणि फोन, बँक कार्ड किंवा कॅमेऱ्यातली शेवटची खूण कधीची. या तीन वेळांमधलं अंतर हाच बहुतेक केसेसमधला कळीचा भाग असतो. बेपत्ता झाल्याची तक्रार कधी नोंदली गेली, ती तारीख आणखी वेगळी. बातम्यांमध्ये या चारही तारखांची सर्रास सरमिसळ झालेली सापडेल.

डिजिटल खुणांवर डोळे झाकून विश्वास नको. सीसीटीव्हीचं घड्याळ बऱ्याचदा मागेपुढे असतं. तपासयंत्रणेने तो फरक दुरुस्त करून वेळ दिली आहे की पडद्यावर दिसली तीच उचलली आहे, ते पाहा. फोन कंपनीच्या नोंदी आणि वर्तमानपत्रातली स्थानिक वेळ यांत तासांचा फरक असू शकतो, कारण नोंदी कधीकधी यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. फोन अमुक टॉवरला जोडलेला होता याचा अर्थ माणूस टॉवरखाली उभा होता असा होत नाही. टॉवरची एक दिशा आणि एक पट्टा कळतो. दाट वस्तीत तो काही शे मीटरचा, मोकळ्या मुलखात कित्येक किलोमीटरचा. नकाशावर टोकदार पिन टाकून केलेले निष्कर्ष इथेच फसतात. त्या दिवशीची सूर्यास्ताची वेळ आणि हवामानही नोंदवून ठेवा. ‘अंधारात नीट दिसलं नाही’ म्हणणारा साक्षीदार सूर्यास्ताच्या तासभर आधीचं सांगत असेल, तर ते कळायला हवं.

स्रोतांची उतरंड साधी आहे. न्यायालयाचा निकाल, मृत्यूच्या अधिकृत चौकशीचा अहवाल, पोलिसांचं पत्रक, त्याच आठवड्यातली स्थानिक बातमी, कुटुंबाचं निवेदन. बाकी सगळं त्याच्या खाली. आरोपपत्र म्हणजे निकाल नव्हे, त्यात एका बाजूचं म्हणणं असतं. एखादा तपशील दहा ठिकाणी वाचलात तर तो पहिल्यांदा कोणी लिहिला ते शोधत मागे जा. दहापैकी नऊ ठिकाणं एकाच बातमीची नक्कल निघतात, आणि ती मूळ बातमी ‘असं समजतं’ या दोन शब्दांवर उभी असते. पान सापडलं की लगेच वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर जतन करा. पोलिसांची पत्रकं गुपचूप बदलतात: उंची बदलते, कपड्याचा रंग बदलतो, आणि हा बदल स्वतःच एक माहिती असते.

अनोळखी मृतदेहांच्या नोंदी वाचणं हे वेगळंच कसब आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अमेरिकेत नेमअस ही सरकारी नोंदवही सगळ्यांना पाहता येते. डो नेटवर्क स्वयंसेवक चालवतात आणि त्यात इतर देशांच्याही केसेस आहेत. चार्ली प्रोजेक्टवर अमेरिकेतल्या वर्षभराहून जुन्या बेपत्ता केसेस मिळतात. या नोंदींतला प्रत्येक आकडा एकसारखा भरवशाचा नसतो. ओटीपोटाची हाडं मिळाली असतील तर स्त्री की पुरुष हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. लांब हाडांवरून काढलेल्या उंचीत चांगल्या सूत्रानेही तीन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. त्यात बेपत्ता व्यक्तीची नोंदलेली उंची बऱ्याचदा तिने स्वतःच सांगितलेली, म्हणजे थोडी वाढवलेली. वजन हा तर निव्वळ अंदाज. डोळ्यांचा रंग मृत्यूनंतर बदललेला दिसतो. चेहऱ्याच्या चित्रात नाकाचा शेंडा, ओठ, कान आणि केस ही चित्रकाराची कल्पना असते, त्यामुळे ‘अगदी तसाच दिसतो’ या मुद्द्याला फार वजन देऊ नका.

वयाचा घोळ कसा होतो ते पाहा. १७ मे १९६८ रोजी अमेरिकेत केंटकीतल्या जॉर्जटाउनजवळ ताडपत्रीत गुंडाळलेला एका मुलीचा मृतदेह सापडला. ‘टेंट गर्ल’ म्हणून ती ओळखली गेली, वय १६ ते १९ ठरवलं गेलं आणि थडग्याच्या दगडावरही तेच कोरलं गेलं. कारखान्यात काम करणाऱ्या टॉड मॅथ्यूज यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बेपत्ता बहिणीचा शोध घेणाऱ्या एका स्त्रीचं निवेदन त्यांना इंटरनेटवर सापडलं आणि १९९८ मध्ये डीएनएने ओळख पक्की झाली. वय निघालं चोवीस. १६ ते १९ ही चौकट काटेकोर धरून शोधणाऱ्याला ती कधीच सापडली नसती. म्हणून शोधताना वयाच्या दोन्ही टोकांना किमान पाच वर्षं आणि उंचीला किमान पाच सेंटिमीटर सोडा. राज्याची, देशाची सीमा पाळू नका.

मृत्यू कधी झाला हा अंदाज तर आणखी निसरडा. १९७७ मध्ये टेनेसीत उकरलेल्या थडग्यापाशी मिळालेला मृतदेह पाहून, हाडांवरून मृताची माहिती काढणारे तज्ज्ञ विल्यम बास यांनी मृत्यूला वर्षही झालं नसावं असं सांगितलं. तो १८६४ च्या लढाईत मारला गेलेला कर्नल शाय निघाला. औषधं भरून बिडाच्या शवपेटीत ठेवल्यामुळे देह टिकला होता. अंदाज शंभराहून अधिक वर्षांनी चुकला, आणि चुकणारा माणूस त्या क्षेत्रातला दादा होता. मृतदेह कधी सापडला ही तारीख पक्की असते. बेपत्ता होण्याची तारीख तिच्या आधीची असायलाच हवी. हीच चाळणी सगळ्यात आधी लावा, अर्धी यादी तिथेच गळते.

जुळणी करताना चेहऱ्यापेक्षा वस्तू आणि खुणा पाहा: दातांवरचं काम, भरून आलेलं जुनं फ्रॅक्चर, शस्त्रक्रियेत बसवलेली धातूची पट्टी किंवा स्क्रू (त्यावर क्रमांक असू शकतो), गोंदण, दागिना. इंटरपोलने मे २०२३ मध्ये ‘आयडेंटिफाय मी’ मोहिमेत बेल्जियम, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या २२ अनोळखी स्त्रियांची माहिती खुली केली. त्यांतली १९९२ मध्ये अँटवर्पला सापडलेली स्त्री त्याच वर्षी ओळखली गेली, ती हातावरच्या काळ्या फुलाच्या गोंदणामुळे. तिच्या ब्रिटनमधल्या घरच्यांनी ते बातमीत पाहिलं. नजर तयार करायची असेल तर युरोपोलचा ‘ट्रेस ॲन ऑब्जेक्ट’ हा उपक्रम चांगला. तिथे गुन्ह्याच्या चित्रांतून कापून काढलेली फक्त एखादी पिशवी, पडदा किंवा बाटली दाखवतात आणि ती कुठली ते विचारतात. माणसाचं नाव येतच नाही, त्यामुळे कोणावर बालंट येण्याची भीती नाही.

डीएनए म्हटलं की सगळ्यांना एकच चाचणी वाटते. पोलिसांच्या नेहमीच्या नोंदवहीतली एसटीआर चाचणी थेट त्या व्यक्तीशी किंवा आई-वडील-मुलं अशा अगदी जवळच्या नात्याशी जुळवायला असते. अमेरिकेत २०१७ पासून त्यात डीएनएतल्या २० जागा तपासतात. वंशावळीवरून शोध घ्यायला लाखो जागांची एसएनपी चाचणी लागते, आणि दोघांच्या डीएनएचा किती भाग सारखा आहे, त्याचं मोजमाप सेंटिमॉर्गन या एककात असतं. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी ८६० च्या आसपास, पुढे दोन पिढ्या लांबच्या भावंडांत सत्तरेक. सगळ्यात जवळचं नातं सत्तरचं असेल तर तज्ज्ञांनाही शेकडो लोकांची झाडं मांडावी लागतात. ‘डीएनए आहे, मग उशीर का’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. शिवाय २०१९ पासून जीईडीमॅच या वंशावळ शोधायच्या साइटवर गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांना शोध घेऊ द्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, त्यामुळे सगळेच नातेवाईक त्या शोधात दिसत नाहीत; अनोळखी मृतदेहांच्या शोधाला मात्र २०२१ पासून ही अट नाही.

आणि मुळात काही माणसं कोणीच बेपत्ता नोंदवलेली नसतात. २०१८ मध्ये फ्लोरिडात तंबूत मृत सापडलेल्या, पायी भटकंती करणाऱ्या माणसाला वाटेत अनेक जण भेटले होते, त्याचे फोटोही होते. तरी ओळख अधिकृतपणे पक्की व्हायला २०२१ उजाडलं, कारण तक्रारच नव्हती. नोंदवह्यांतून जुळणी होत नाही म्हणजे शोधात चूक झाली असंच नाही.

जुळणी सापडलीच तर एका पानात लिहा. दोन्ही केसचे क्रमांक सर्वांत वर. मग जुळणारे मुद्दे, आणि तितक्याच स्पष्टपणे न जुळणारे. प्रत्येक मुद्द्यासमोर तो कुठून घेतला ते. ‘हीच ती आहे’ असं लिहू नका. ‘ही तुलना झाली आहे का’ एवढं विचारा. पाठवण्याआधी नेमअसमधली वगळलेल्या नावांची यादी बघा, तिथे ते नाव आधीच बाद झालेलं असू शकतं. पत्र त्या केसच्या तपासयंत्रणेला जातं. घरच्यांना नाही, पत्रकाराला नाही. एकदाच पाठवा, प्रत आणि तारीख ठेवा. उत्तर बहुधा येत नाही. तुलना झाली तरी तुम्हाला कळवण्याचं बंधन कोणावर नसतं.

घरच्यांना का नाही? त्यांच्याकडे असे ‘सापडली’ म्हणणारे निरोप आधीच ढिगाने आलेले असतात. संशयिताचं नाव पोलिसांनी जाहीर केलं नसेल तर ते तुम्हीही लिहायचं नाही, आद्याक्षरंसुद्धा नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या बाँबस्फोटांनंतर इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी एका बेपत्ता विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवलं. त्याचा काहीही संबंध नव्हता. त्याच्या घरच्यांना शिव्याशाप ऐकावे लागले, आणि काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. बदनामीचा दावा हा नंतरचा भाग. आधी असं नुकसान होतं जे पोस्ट काढून भरून येत नाही.

सज्ञान माणूस जिवंत सापडला तर बऱ्याच ठिकाणी पोलिस घरच्यांना ‘सुरक्षित आहे’ एवढंच सांगतात. पत्ता सांगायचा की नाही, हे त्या माणसाच्या मर्जीवर. तो का गेला होता हे शोधायला बसू नका. तुम्ही त्याचा फोटो, वर्णन, वाहनाचा क्रमांक कुठेकुठे टाकला याची यादी स्प्रेडशीटच्या दुसऱ्या पानावर सुरुवातीपासून ठेवा, म्हणजे त्या दिवशी ते सगळं एका बैठकीत काढता येईल.