कॉक कोणी फिरवला? ओपनजीएलमध्ये कॉन्टेक्स्ट आणि स्टेट सांभाळण्याची रीत

सामायिक विहिरीवरून पाळीने पाणी घेणाऱ्या घरांत मोटर सुरू करण्याआधी बांधावरचे कॉक बघून येण्याची सवय असते. आदल्या रात्री थोरल्या भावाने मोसंबीच्या बागेकडे फिरवलेला कॉक सकाळी आपोआप कापसाकडे वळत नाही; तो जसा सोडला तसाच राहतो, आणि ज्याने न बघता स्टार्टर दाबला त्याला पाणी भलतीकडे गेल्याचे तासाभराने कळते. ओपनजीएल हे ग्राफिक्स लायब्ररीचे जुने, 1992 पासूनचे मानक नेमके याच पद्धतीने चालते. आपण एकदा दिलेली प्रत्येक सूचना, मग ती पारदर्शकतेची असो, खोलीच्या (कोणते पुढे, कोणते मागे याच्या) तपासणीची असो किंवा चालू टेक्स्चरची, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायच्या चित्राची असो, पुढची सूचना येईपर्यंत कायम राहते; अशा टिकून राहिलेल्या सेटिंगनाच स्टेट म्हणतात. आपल्या फाइलमध्ये चित्र काढण्याचा कोड बरोबर असूनही पडद्यावर चूक दिसते, तेव्हा कॉक बहुधा दुसऱ्याच फाइलमध्ये फिरवलेला असतो.

पुढील विवेचनासाठी मी माझाच एक प्रोग्राम समोर ठेवतो. पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, म्हणजे नाथसागर, पाणीपातळीनुसार त्रिमितीत दाखवणारा हा प्रोग्राम आहे: खाली तळाची जमीन, तिच्यावर 27 दरवाज्यांची भिंत, त्यावर अर्धपारदर्शक पाणी आणि सर्वांत वर मराठी नावांच्या पाट्या. पातळी 1522 फुटांवर पोहोचली की जलाशय पूर्ण भरलेला दिसतो आणि कोपऱ्यात उपयुक्त साठ्याचा 2171 दलघमी (दशलक्ष घनमीटर) हा आकडा येतो. प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये आहे आणि विंडो उघडण्यासाठी जीएलएफडब्ल्यू ही लायब्ररी वापरली आहे. ओपनजीएलची आवृत्ती मी मुद्दाम 3.3 धरली. ती 2010 ची असल्यामुळे जुन्या संगणकांवरही चालते, आणि मॅकवर ओपनजीएल 4.1 च्या पुढे जातच नाही.

आधी कॉन्टेक्स्ट. आपल्या उपमेत कॉन्टेक्स्ट म्हणजे विहीर, मोटर आणि सगळे कॉक मिळून झालेली एक संपूर्ण व्यवस्था. तयार केलेले बफर (माहितीचे साठे), टेक्स्चर, शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) आणि त्या क्षणीच्या सर्व सेटिंग या कॉन्टेक्स्टच्या मालकीच्या असतात. प्रोग्रामच्या हाती फक्त त्यांचे क्रमांक येतात. ओपनजीएलच्या कोणत्याही फंक्शनला आपण कॉन्टेक्स्ट पाठवत नाही. ज्या थ्रेडवरून, म्हणजे प्रोग्राममधील कामाच्या ज्या धाग्यावरून, फंक्शन बोलावले, त्या थ्रेडवर जो कॉन्टेक्स्ट ‘चालू’ केलेला असेल त्यालाच ते लागू होते. एका थ्रेडवर एका वेळी एकच कॉन्टेक्स्ट चालू असू शकतो, आणि एक कॉन्टेक्स्ट एका वेळी एकाच थ्रेडवर चालू असू शकतो. हा एक नियम नीट लक्षात घेतला, तर नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारींचे उत्तर त्यातच सापडते.

या नियमातूनच सुरुवातीचा क्रम ठरतो, आणि तो बदलून चालत नाही. प्रथम चुका कळवणारा कॉलबॅक, म्हणजे काही घडले की लायब्ररी स्वतःहून बोलावते असे आपले फंक्शन, लावावा. जीएलएफडब्ल्यू सुरू होण्याआधीही तो लावता येतो आणि सुरुवातच फसली तर कारण त्यातूनच कळते. त्यानंतर जीएलएफडब्ल्यू सुरू करून आवृत्तीचे आणि कोअर प्रोफाइलचे, म्हणजे जुनी फंक्शने वगळलेल्या ओपनजीएलचे, संकेत द्यावेत. विंडो तयार झाल्यावर दिलेले संकेत त्या विंडोला लागू होत नाहीत. मग विंडो तयार करावी, तिचा कॉन्टेक्स्ट चालू करावा, आणि त्यानंतरच ग्लॅडसारख्या लोडरकडून ओपनजीएलच्या फंक्शनांचे पत्ते मिळवावेत. लोडर आधी चालवला तर पत्ते रिकामे राहतात आणि पहिलेच बफर तयार करताना प्रोग्राम कोसळतो. अशा वेळी आपण बफरच्या ओळीकडे बघत बसतो, तर खरी चूक दहा ओळी वर असते. पडद्याच्या गतीशी जुळवून घेण्याचा, म्हणजे स्वॅप इंटरव्हलचा आदेशही कॉन्टेक्स्ट चालू झाल्यावरच द्यायचा असतो.

आता अॅप्लिकेशनची स्वतःची स्थिती: कॅमेरा कुठे आहे, पाणीपातळी किती निवडली आहे, माउसचे बटण दाबलेले आहे का, पाट्या दाखवायच्या की नाहीत. ही माहिती ग्लोबल चलांत ठेवण्याचा मोह होतो, कारण जीएलएफडब्ल्यूचे कॉलबॅक साधी सी फंक्शने असतात आणि त्यांना आपला ऑब्जेक्ट दिसत नाही. या अडचणीवर लायब्ररीनेच उपाय दिला आहे. प्रत्येक विंडोसोबत एक ‘यूजर पॉइंटर’ ठेवता येतो. आपल्या सगळ्या स्थितीचे एक स्ट्रक्चर करावे, विंडो तयार होताच त्याचा पत्ता या पॉइंटरमध्ये ठेवावा, आणि कॉलबॅकमध्ये हाती आलेल्या विंडोकडून तो परत मागून योग्य प्रकारात बदलून घ्यावा. पॉइंटर ठेवण्याचे काम कॉलबॅक लावण्याआधी करावे, आणि ते स्ट्रक्चर विंडोपेक्षा जास्त काळ जिवंत राहील याची काळजी घ्यावी.

कॉलबॅकमध्ये चित्र मात्र काढू नये. तेथे फक्त नोंद करावी, उदाहरणार्थ ‘आकार बदलला, नवी रुंदी एवढी’, आणि प्रत्यक्ष काम मुख्य लूपने पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीला करावे. आकार घेतानाही विंडोचा आकार न घेता फ्रेमबफरचा, म्हणजे प्रत्यक्ष पिक्सेलमधला, घ्यावा, कारण जास्त घनतेच्या पडद्यांवर हे दोन आकडे वेगळे असू शकतात. विंडो खाली मिनिमाइझ केली की फ्रेमबफरचा आकार शून्य होऊ शकतो. रुंदीला उंचीने भागणारी ओळ त्या क्षणी निरर्थक आकडा देते आणि तो कॅमेऱ्याच्या मॅट्रिक्समध्ये शिरतो. म्हणून शून्य आकार आला तर ती फ्रेम सोडून द्यावी.

ज्या चुकीने मला हा विषय खऱ्या अर्थाने शिकवला, ती आता तपशिलाने सांगतो. नाथसागराचे पाणी अर्धपारदर्शक असल्यामुळे ते काढताना मी ब्लेंडिंग, म्हणजे मागच्या रंगात नवा रंग मिसळणे, सुरू केले आणि पाण्याने आपली खोली डेप्थ बफरमध्ये (प्रत्येक पिक्सेलच्या खोलीच्या नोंदवहीत) लिहू नये म्हणून त्यात लिहू देणारा डेप्थ मास्क बंद केला. इथपर्यंत सगळे रीतसर होते. प्रोग्राम सुरू झाला, क्षणभर जमीन, भिंत आणि पाणी व्यवस्थित दिसले, आणि दुसऱ्याच क्षणी जमीन आणि भिंत नाहीशी होऊन पाण्याचा निळा पत्रा अधांतरी तरंगू लागला. कॅमेरा फिरवला की जमिनीचे तुकडे मधूनमधून डोकावत. ओपनजीएलला चूक विचारली तर उत्तर एकच येई: काहीही चूक नाही.

कारण असे होते. पाणी काढून झाल्यावर मी डेप्थ मास्क पुन्हा सुरू केला नव्हता. पुढच्या फ्रेमच्या आरंभी पडदा पुसण्याचा आदेश दिला, तेव्हा रंग पुसला गेला. पण डेप्थ बफर पुसणे हेही त्यात लिहिणेच असते, आणि मास्क बंद असल्यामुळे ते झालेच नाही. बफरमध्ये पहिल्या फ्रेमची खोली तशीच राहिली. ओपनजीएलची मूळ तुलना ‘लेस’ अशी आहे, म्हणजे नवा बिंदू आधीच्यापेक्षा जवळ असेल तरच तो रंगवला जातो. जमीन त्याच जागी, त्याच खोलीवर असल्यामुळे ती ‘जवळ’ ठरली नाही आणि नापास झाली. पाण्याने मात्र आपली खोली कधी लिहिलीच नव्हती, म्हणून ते तळाच्या जमिनीपेक्षा जवळ ठरून पास होत राहिले. पुसण्याच्या आदेशाला कलर मास्क (रंग लिहू द्यायचा की नाही ही सेटिंग) आणि सिझरची, म्हणजे चित्र मर्यादित करणारी, चौकटही अशीच अडवते. व्ह्यूपोर्ट, म्हणजे चित्र विंडोच्या कोणत्या भागात बसवायचे ती सेटिंग, अडवत नाही.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे काम झाल्यावर प्रत्येकाने स्टेट पूर्ववत करून ठेवावी. हा उपाय मला पटत नाही. तो प्रत्येकाच्या आठवणीवर अवलंबून आहे, आणि मधूनच परत फिरणाऱ्या फंक्शनमध्ये पूर्ववत करण्याची ओळ हमखास वगळली जाते. त्याऐवजी प्रत्येक टप्प्याने आपल्याला लागणारी संपूर्ण स्टेट सुरुवातीलाच जाहीर करावी आणि आधी काय होते याची फिकीर करू नये. माझ्या प्रोग्राममध्ये यासाठी एक छोटे स्ट्रक्चर आहे: डेप्थ तपासणी, डेप्थ लेखन, ब्लेंडिंग, मागच्या बाजू गाळणे, सिझर आणि शेडर प्रोग्राम. जमीन, पाणी आणि पाट्या या तिन्ही टप्प्यांची अशी तीन स्ट्रक्चर एकदाच तयार करून ठेवली आहेत, आणि पडदा पुसण्याचे चौथे आहे, कारण पुसणे हाही एक टप्पाच आहे. ‘लागू करा’ हे एकच फंक्शन ती स्टेट ओपनजीएलपर्यंत पोहोचवते, आणि उरलेल्या कोडमध्ये एनेबल किंवा डिसेबल हे शब्द शोधूनही सापडू नयेत असा नियम आहे. 2016 मध्ये आलेल्या वल्कनने हीच दिशा पुढे नेली: तेथे बहुतेक सेटिंग पाइपलाइन नावाच्या एकाच वस्तूत आधीच बांधून टाकाव्या लागतात.

‘लागू करा’ हे फंक्शन शेवटी लागू केलेली स्टेट लक्षात ठेवून फक्त बदललेल्या गोष्टीच पाठवू शकते. मात्र ही स्मृती आपल्या बाजूला ठेवावी. दर वेळी ओपनजीएललाच विचारत बसले तर ड्रायव्हरला हातातले काम थांबवून उत्तर द्यावे लागण्याची शक्यता असते. धोका एवढाच की दुसऱ्या एखाद्या लायब्ररीने परस्पर कॉक फिरवला तर आपली स्मृती खोटी ठरते. बटणे आणि मेनू काढणाऱ्या डिअर इमगुई या लायब्ररीचा ओपनजीएलचा भाग स्टेट जतन करून परत ठेवतो, पण प्रत्येक लायब्ररी इतकी सौजन्यशील नसते. परक्या कोडला बोलावल्यानंतर आपली स्मृती रद्द करणारे एक फंक्शन असू द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी सर्व काही नव्याने पाठवले जाईल.

सगळ्या सेटिंग ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा ठळक नसतात. पाट्यांवरील मराठी अक्षरे काढताना मला विचित्र अनुभव आला: काही अक्षरे सुबक उमटत, तर काही तिरपी होऊन विस्कटत. फॉन्टमधून येणारे अक्षराचे चित्र एका पिक्सेलला एक बाइट असे होते. ओपनजीएल मात्र मुळात असे धरून चालते की चित्राची प्रत्येक ओळ चारने भाग जाणाऱ्या जागी सुरू होते. अक्षराची रुंदी 24 असेल तर प्रश्न नाही. ती 23 असेल तर लायब्ररी दर ओळीला एक बाइट वगळून पुढची ओळ वाचू लागते, चूक ओळीगणिक साठत जाते आणि अक्षर कलते. टेक्स्चर पाठवण्याआधी अनपॅक अलाइनमेंट 1 करणे हा त्यावरचा उपाय. ही सेटिंगही कॉन्टेक्स्टमध्ये टिकून राहते, म्हणून ती टेक्स्चर चढवणाऱ्या फंक्शनमध्ये प्रत्येक वेळी स्पष्टपणे लिहावी.

व्हर्टेक्स अॅरे ऑब्जेक्टबाबत, म्हणजे आकृतीचे बिंदू कोठून आणि कसे वाचायचे याच्या नोंदीबाबत, एक इशारा पुरेसा आहे. चालू असलेला इंडेक्स बफर (बिंदू कोणत्या क्रमाने जोडायचे ती यादी) त्याच्या आत नोंदला जातो, व्हर्टेक्स बफरची साधी जोडणी मात्र नोंदली जात नाही. त्यामुळे ‘स्वच्छता’ म्हणून इंडेक्स बफर सोडवायचा असेल, तर आधी व्हर्टेक्स अॅरे सोडवावा. उलट केल्यास त्याच्या नोंदीतून इंडेक्स बफरच गळतो.

साठ्याचा आलेख दाखवण्यासाठी दुसरी विंडो हवी झाली, तेव्हा दुसरा कॉन्टेक्स्ट आला. विंडो तयार करताना पहिली विंडो ‘वाटेकरी’ म्हणून दिली तर बफर, टेक्स्चर आणि शेडर प्रोग्राम दोन्हींत चालतात. व्हर्टेक्स अॅरे आणि फ्रेमबफर ऑब्जेक्ट मात्र वाटले जात नाहीत, ते प्रत्येक कॉन्टेक्स्टमध्ये वेगळे करावे लागतात. स्टेटही प्रत्येकाची स्वतंत्र असते. म्हणून वर सांगितलेली शेवटच्या स्टेटची स्मृती प्रोग्रामला एक अशी न ठेवता दर कॉन्टेक्स्टला एक ठेवावी आणि ती त्या त्या विंडोच्या स्ट्रक्चरमध्येच असावी.

मोठी उपग्रह-चित्रे दुसऱ्या थ्रेडवर लोड करायची असतील तर तेथेही वाटेकरी कॉन्टेक्स्ट वापरता येतो, पण मग टेक्स्चर पूर्ण चढले की नाही हे फेन्स, म्हणजे काम संपल्याची खूण, लावून तपासावे लागते. माझा सल्ला साधा आहे: दुसऱ्या थ्रेडने फाइल वाचून तिच्यातले पिक्सेल उलगडून घ्यावेत, रांगेत ठेवावेत आणि चढवण्याचे काम मुख्य थ्रेडने दर फ्रेमला थोडेथोडे करावे.

हाच प्रोग्राम मोबाइलवर नेला की कॉन्टेक्स्ट कायमचा नसतो. अँड्रॉइडवर वापरणारा दुसऱ्या अॅपमध्ये गेला तर कॉन्टेक्स्ट नष्ट होऊ शकतो, आणि त्याच्यासोबत सर्व टेक्स्चर व बफरही जातात. परत आल्यावर सरफेस (चित्र काढण्याची जागा) तयार झाल्याची सूचना पुन्हा येते आणि सगळे नव्याने चढवावे लागते. त्यासाठी अॅप्लिकेशनची स्थिती, म्हणजे पातळी, कॅमेरा आणि फाइलींची नावे, ओपनजीएलच्या क्रमांकांपासून पूर्णपणे वेगळी ठेवलेली असावी. जुने क्रमांक ‘नीट पुसण्याच्या’ भानगडीत पडू नये: आधीचा 3 हा क्रमांक नव्या कॉन्टेक्स्टमध्ये पाट्यांच्या टेक्स्चरला मिळालेला असू शकतो, आणि जुन्या नोंदीवरून 3 पुसला तर पाट्याच जातात. क्रमांक नुसते शून्य करून टाकावेत.

संगणकावर प्रोग्राम बंद करतानाचा क्रम सुरुवातीच्या उलट असतो. आधी बफर, टेक्स्चर आणि शेडर पुसावेत, मग विंडो, आणि शेवटी जीएलएफडब्ल्यू बंद करावे. सी प्लस प्लसमध्ये टेक्स्चरचा ऑब्जेक्ट ग्लोबल ठेवला तर त्याचा डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट मोडताना आपोआप चालणारे फंक्शन, मुख्य फंक्शन संपल्यावर चालतो. तोवर कॉन्टेक्स्ट गेलेला असतो आणि सगळे काम बिनचूक करून दाखवलेला प्रोग्राम बंद होताना कोसळतो. विंडोचा ऑब्जेक्ट मुख्य फंक्शनमध्ये आधी आणि बाकीचे ऑब्जेक्ट त्याच्याखाली लिहिले, तर भाषाच त्यांना उलट क्रमाने मोडते आणि वेगळा कोड लिहावा लागत नाही.