एमटीबीला (माउंटन सायकलला) बारमाही टायर घेताय? आधी काटे बघा

सोलापुरात एकाच राईडमध्ये डांबर, मुरूम, माळावरची खडी आणि काळी माती सगळं लागतं, त्यामुळे दुकानदार दाखवतो तो सगळ्यात जाड गुट्ट्यांचा (टायरवरच्या रबरी उंचवट्यांचा) टायर लगेच उचलू नका, डांबरावर तो नुसता घरघर करतो अन् पायाचा जीव काढतो. माझं मत, पुढं २.२५ इंच रुंदीचा, जरा उंच अन् एकमेकींपासून लांब गुट्ट्यांचा आणि मागं मधे बुटक्या, जवळ जवळ गुट्ट्या अन् कडेला धारदार असा टायर घ्या, कारण वळणावर पुढचं चाक घसरलं की सावरता येत नाही, मागचं घसरलं तर निभावतं. घ्यायच्या आधी फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का ते बघाच.

पावसात सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाकडं काळ्या रानात शिरलात तर कुठलाच टायर कामाचा नाही, चिखल फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) असा बसतो की चाकच फिरत नाही, मग काडीनं उकरत बसा. तेव्हा मुरमाचीच वाट धरा.

खरा वैरी म्हणजे बाभळीचा काटा. जमलं तर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) करा, पण त्यात भोक बुजवायला घालतात ते सीलंट आपल्या उन्हात लवकर सुकतं, दोन महिन्यांनी बघत जा. हवा ट्यूबलेसला साधारण २५ पीएसआय, ट्यूब असेल तर ३०-३५.