जुना बॉक्स स्कोअर वाचताना या चुका टाळा

क्रिकेटचं धावफलक वाचायची सवय असलेला माणूस १९५०च्या दशकातला बेसबॉल बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) हातात घेतो आणि हमखास चार ठिकाणी फसतो. यातल्या बऱ्याच चुका एकाच सामन्यात सापडतात : २६ मे १९५९, मिलवॉकी काउंटी स्टेडियम. पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर (चेंडू टाकणारा) हार्वी हॅडिक्स याने पहिल्या १२ इनिंग्जमध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्जचे ३६ फलंदाज ओळीने बाद केले, एकालाही बेसवर (धाव पूर्ण करताना गाठायच्या टप्प्यावर) जाऊ दिलं नाही. तेराव्या इनिंगमध्ये तो हरला.

पहिली गडबड हॅडिक्सच्या नावापुढच्या १२.२ मध्ये. आपल्याला ओव्हर आणि चेंडू दिसतात, पण इथे इनिंग तीन आऊटची. म्हणजे १२ पूर्ण आणि दोन आऊट, एकूण ३८. एक्सेलला हे कळत नाही, तो सरळ दशांश समजतो. १२.२ आणि ८.१ ची बेरीज २०.३ येत असेल तर पत्रक चुकलंय. खरं उत्तर २१. आधी सगळ्याचे आऊट करा, बेरीज करा, मग तीनने भागा.

धावा आणि हिट्स यांचं नातं गृहीत धरू नका. पायरेट्सच्या ओळीत ० धावा, १२ हिट्स (फलंदाजाला बेसवर पोचवणारे फटके), १ एरर (क्षेत्ररक्षणातली चूक). ब्रेव्ह्जच्या ओळीत १, १, ०. बघणाऱ्याला वाटतं रकाने उलटे छापलेत. नाही. समोरच्या लू बर्डेटने १३ इनिंग्ज टाकल्या, बारा हिट्स दिल्या, धाव एकही नाही. आणि ब्रेव्ह्जच्या फेलिक्स मँटिलाच्या नावापुढे एक अ‍ॅट-बॅट (मोजली जाणारी फलंदाजीची पाळी), एक धाव, शून्य हिट. तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकची फेक चुकली म्हणून तो पोचला. एररवर पोचलेल्याचा अ‍ॅट-बॅट मोजला जातो, हिट नाही. त्याची धावही अनअर्न्ड, म्हणजे चुकीमुळे आलेली, पिचरच्या माथी न मारलेली; त्यामुळे हॅडिक्सच्या खात्यात पराभव आला, अर्न्ड रन नाही.

आता सगळ्यात गोंधळाची जागा, त्याच तेराव्या इनिंगमधली. जो अ‍ॅडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे मारला, मग त्याच्यापुढे होम रनऐवजी डबल (दोन बेसची हिट) का? त्याच्या पुढे बेसवर असलेल्या हँक अ‍ॅरनला सामना संपलाच असं वाटलं, तो मधूनच मैदान कापून निघाला आणि अ‍ॅडकॉक त्याच्या पुढे गेला. पुढच्या धावपटूला ओलांडलं की आऊट. पंचांनी आधी २-० धरलं. नॅशनल लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी नंतर एकच धाव मान्य केली, १-०. तेव्हा सामन्यानंतर लगेच छापलेल्या वृत्तपत्रात २-० दिसलं तर त्याला मुद्रणदोष म्हणू नका, आणि तोच आकडा अंतिम म्हणून उतरवूनही घेऊ नका. जुन्या आकड्यांत निर्णय उशिरा येतात. हॅडिक्सचंच बघा : १९९१ मध्ये नो-हिटरची (एकही हिट न देता टाकलेल्या सामन्याची) व्याख्या कडक झाली, सामना संपेपर्यंत हिट नको असं ठरलं, आणि त्याचा हा सामना यादीतून गेला. मला हे आजही पटत नाही, पण नोंद नोंद आहे.

रकाने जुळतात का ते तपासायची एक जुनी रीत आहे. संघाचे अ‍ॅट-बॅट, वॉक (चार खराब चेंडूंवर मिळालेला बेस), सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला पुढे नेणारा फटका) आणि चेंडू लागून मिळालेले बेस यांची बेरीज करा. ती संघाच्या धावा, बेसवर राहिलेले धावपटू आणि प्रतिपक्षाचे पुटआउट (क्षेत्ररक्षकांच्या नावे लागलेले आऊट) यांच्या बेरजेइतकी यायला हवी. ब्रेव्ह्जसाठी : ३८ अ‍ॅट-बॅट, एडी मॅथ्यूजचा एक सॅक्रिफाइस, अ‍ॅरनला मुद्दाम दिलेला एक वॉक, झाले ४०. दुसऱ्या बाजूला एक धाव, बेसवर राहिलेला एक (अ‍ॅरनच) आणि ३८ पुटआउट. पुन्हा ४०. एक-दोनचा फरक पडला तर बहुधा सॅक्रिफाइस अ‍ॅट-बॅटमध्ये घुसलेला असतो. तिथे आधी बघा.

चौथ्या रकान्याचं नावही वाचून घ्या. त्या काळी काही वृत्तपत्रं तिथे आरबीआय (फलंदाजाने फटक्यावर मिळवून दिलेल्या धावा) छापत, काही पुटआउट. शीर्षक कापलेलं असेल तर फर्स्ट बेसमनची (पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाची) ओळ बघा. तिथे बारा-पंधरासारखा आकडा असला तर ते पुटआउट.