जुनं इंग्लिश महोगनी टेबल आधी उलटं करून बघा

वरचा भाग पिढ्यान्‌पिढ्या पुसला, घासला, पॉलिश केला जातो. खालची बाजू सहसा कुणी सजवत नाही, म्हणून जुन्या इंग्लिश टेबलाची तपासणी मी तिथूनच सुरू करते. वरच्या फळीच्या कडेला धरून टेबल उचलू नका. दोघांनी खालची चौकट धरावी आणि जाड घोंगडीवर पालथं घालावं.

विजेरीचा उजेड तिरका पाडा. करवतीच्या सरळ पण असमान खुणा बहुधा हातकामाच्या असतात. कमानीसारख्या वळणाऱ्या खुणा गोल यांत्रिक करवतीच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या किंवा त्यानंतरच्या. टेबल 1760 चं म्हणून विकायला ठेवलंय आणि खाली अशा कमानी दिसतायत, तर तो भाग नंतरचा आहे. रंगही बघा. उघड्या लाकडाला वयाने येणारा रंग कोरडा आणि असमान असतो, हात लागतात तिथे जास्त गडद. सगळीकडे एकसारखा काळपट रंग दिसला की मला तो लावलेला वाटतो, आणि तो कशावर लावलाय हे मी शोधू लागते.

एखादा स्क्रू सहज निघत असेल तर काढून बघा. जुन्याचं टोक बोथट, आटे ओबडधोबड आणि डोक्यावरची खाच बहुधा मध्यापासून सरकलेली असते. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुळले. पण स्क्रू बदलता येतो, भोकं लपवणं अवघड. ज्यांचा काही उपयोग दिसत नाही अशी रिकामी भोकं सापडली, तर बिजागऱ्या बदलल्यात का, की वरची फळी एका टेबलाची आणि पाय दुसऱ्याचे आहेत, हे विचारा. तीन पायांच्या गोल टेबलांत ही जोडाजोड फार होते, म्हणून तिथे घाई करू नका. खांबाच्या माथ्यावरचा ठोकळा फळीला जिथे टेकतो, तिथे त्याच मापाचा जुना ठसा हवा. मग मोजपट्टी घ्या. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, त्यामुळे अस्सल जुनी गोल फळी त्या दिशेला काही मिलिमीटर कमी भरते. दोन्ही मापं तंतोतंत जुळली तर मी सावध होते.

ब्रिटनने 1721 मध्ये आपल्या अमेरिकेतल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचं आयातशुल्क काढलं, आणि आधी जमैकाची, मग क्युबा आणि होंडुरासची महोगनी येऊ लागली. त्या झाडांतून रुंद फळ्या निघत. म्हणून अठराव्या शतकातल्या छोट्या टेबलाचा माथा अरुंद पट्ट्या जोडून केलेला दिसला, तर कारण शोधा. खण असेल तर पुढच्या फळीची वरची कड बघा. इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या ‘गिलोज’ या फर्निचर बनवणाऱ्या पेढीचा शिक्का तिथे सापडू शकतो. शिक्का मागाहूनही मारता येतो, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर भरवसा नको.

किडीची भोकं असली की टेबल वाया गेलं असं नाही. खाली पांढरा कागद अंथरून ठेवा. ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. महोगनीच्या गाभ्याला ती क्वचितच लागते, आतल्या पाइन किंवा बीचच्या पट्ट्यांना लागते. भोकांऐवजी पृष्ठभागावर उघडे पडलेले आडवे बोगदे दिसले, तर किडलेलं जुनं लाकूड नंतर कापून वापरलंय.

पांढरा डाग बहुतेकदा पॉलिशमध्ये अडकलेल्या ओलाव्याचा असतो आणि जाणकाराच्या हातून निघू शकतो. शाईचा किंवा लोखंडाचा काळा डाग लाकडात उतरलेला असतो. मी तो राहू देते. त्याच्यापायी सगळा माथा खरवडून नवा करू नका, कृपा करून. दोनशे वर्षांत आलेली झळाळी एका दुपारी जाते आणि परत आणता येत नाही. सांधा हलत असेल तर प्राण्यांपासून केलेला सरसच वापरायला सांगा. तो ऊब आणि ओलाव्याने सुटतो, त्यामुळे पुढचा कारागीर लाकूड न मोडता सांधा उघडू शकतो.

फळीला चीर असेल तर ती हिवाळ्यात, खोली तापवलेली असताना भरू नका. हवा दमट झाली की लाकूड फुगतं आणि भरलेल्या पुट्टीमुळे चीर पुढे सरकते. खालच्या बाजूला चिरेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. ऋतू बदलल्यावर पुन्हा बघा आणि मगच कारागिराला बोलवा.