ब्रेकर दुपारीच का ट्रिप होतो? कारखान्याची केबल निवडताना या चुका टाळा

मे महिन्यात जळगावातल्या एका डाळ मिलमधून फोन आला. ५० एचपीच्या मोटरचा ब्रेकर रोज दुपारी दोन-अडीचला ट्रिप व्हायचा, दिवस मावळला की मिल विनातक्रार चालायची. "भाऊ, ब्रेकर हलका आहे, मोठा टाकून द्या," मालकांनी सांगितलं.

सगळ्यात घातक चूक हीच. ब्रेकर केबलचा राखणदार असतो. केबल तीच ठेवून ब्रेकर मोठा केला, की केबल तापत राहते, इन्सुलेशन कडक होऊन तडकतं आणि एक दिवस शॉर्ट होतं. कापसाच्या जिनिंगमध्ये, जिथे रुईची धूळ केबलच्या प्रत्येक ट्रेवर बसलेली असते, तिथे तर हा आगीशी खेळ आहे.

मिलमध्ये क्लॅम्प मीटर लावला, ६६ अॅम्पिअर आले. केबल २५ स्क्वेअर एमएमची, अॅल्युमिनियम, आर्मर्ड (वरून धातूचं कवच), पीव्हीसी इन्सुलेशनची. कॅटलॉगमध्ये हवेतली क्षमता ७० अॅम्पिअर. कागदावर बसत होतं. पण तो आकडा ४० अंश तापमानाचा आहे, आणि आपल्याकडे भुसावळ-जळगाव पट्ट्यात सावलीतच पारा ४५ ला टेकतो. इथे तर ट्रे पत्र्याच्या वीतभर खालून नेला होता. तिथे थर्मामीटर धरला तर ५०! पीव्हीसीची तार ७० अंशांपर्यंतच तापू द्यायची असते. म्हणून ५० अंशांच्या हवेत तिची क्षमता ०.८२ पट, म्हणजे ५७ अॅम्पिअरच उरते. मोटर ओढत होती ६६. केबल तापायची, ती उष्णता ब्रेकरपर्यंत जायची आणि तो ट्रिप व्हायचा. शिवाय शेजारी दोन केबल चिकटून गेलेल्या, तो तोटा वेगळाच. खान्देशात कॅटलॉगचा आकडा जसाच्या तसा कधीच धरू नका.

आम्ही ३५ ची एक्सएलपीई केबल घेतली, ट्रे खाली उतरवला, केबलींमध्ये अंतर सोडलं. एक्सएलपीई हे वेगळ्या प्लास्टिकचं इन्सुलेशन, ते ९० अंश सोसतं. मात्र ब्रेकरच्या टर्मिनलला तेवढं तापमान चालेलच असं नाही. म्हणून केबल क्षमतेच्या काठोकाठ भरू नका.

ट्रिप कशाने होतंय हे ओळखायला लोड चालू असताना तापमान मोजायची गन फिरवा. केबल पूर्ण लांबीत गरम असेल तर साइज कमी आहे. फक्त लगपाशी (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टोपीपाशी) गरम असेल तर केबल बदलून काही होणार नाही, दोष जॉइंटचा आहे. दोन्ही ठीक आणि ब्रेकरच तापलेला असेल तर पॅनल कुठे आहे ते बघा. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात असेल, तर थर्मल, म्हणजे उष्णतेवर चालणारा, ब्रेकर ठरलेल्या करंटच्या आधीच ट्रिप होतो. पॅनल सावलीत हलवा.

लगच्या चुका जिवावर बेततात, कारण त्या दिसत नाहीत. अॅल्युमिनियमची केबल आणि तांब्याची पट्टी असेल तर बायमेटलिक (दोन्ही धातूंचा) लगच हवा. लगमध्ये मावत नाहीत म्हणून चार तारा कापून टाकणारे वायरमन मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. त्या जागी केबल बारीक झाली, ती तिथेच जळणार. हातोडीने ठोकलेला लगही नको. योग्य डाय लावून क्रिंपिंग करा, म्हणजे लग दाबून घट्ट बसवा.

अंतर विसरू नका. १२० मीटर लांबीत २५ ची अॅल्युमिनियम केबल ६६ अॅम्पिअरला साधारण १७ व्होल्ट खाते, म्हणजे मोटरला तेवढे व्होल्ट कमी मिळतात.

जमिनीखालून नेताना आपली काळी माती लक्षात घ्या. उन्हाळ्यात ती भेगाळते, कोरडी माती उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि पावसात फुगून केबलला ओढते. पाऊण मीटर खोल चर, खाली-वर वाळू, वर विटा. हे ठेकेदाराकडून उभं राहून करून घ्या, कारण चर बुजला की आत काय घातलं ते कुणालाच दिसत नाही.

पाइप किंवा चटईच्या कारखान्यात एक्स्ट्रूडरच्या हीटरला साधी पीव्हीसी वायर जोडलेली दिसली, तर लगेच बदला. बॅरल २०० अंशांच्या आसपास असतो. तिथे फायबर ग्लास किंवा टेफ्लॉनचीच वायर टिकते.