क्यूएमूमधे (सॉफ्टवेअरने आख्खं मशीन उभं करणारा एम्युलेटर) डिव्हाइस लिहिताय? बाइट ऑर्डर (आकड्याचे बाइट्स मेमरीत कुठल्या क्रमाने) आधी बघा

रजिस्टरचं काम सोपंय, मेमरी रीजनच्या ऑप्समधे (रीड-राइट फंक्शनं जोडतात तो स्ट्रक्ट) एंडियननेसचं, म्हणजे बाइट ऑर्डरचं, फील्ड असतं, पीसीआय डिव्हाइस असेल तर तिथे लिटल एंडियन (सगळ्यात खालचा बाइट आधी) टाका आणि रीड-राइट फंक्शनमधे स्वतः बाइट्स स्वॅप करू नका, क्यूएमू करून देतं, नाहीतर दोनदा उलटून बसतं.

खरी गंमत डीएमएमधे, म्हणजे डिव्हाइस थेट मेमरी वाचतं-लिहितं तिथे. गेस्टच्या (क्यूएमूच्या आत चालणाऱ्या मशीनच्या) मेमरीतून डिस्क्रिप्टर (ड्रायव्हरने ठेवलेली कामाची नोंद) उचलला की हातात नुसते बाइट्स येतात. ड्रायव्हरने हेक्समधला १२३४५६७८ हा अ‍ॅड्रेस लिटल एंडियनमधे ठेवला तर मेमरीत ७८ ५६ ३४ १२ दिसणार, एक्स८६ होस्टवर (क्यूएमू ज्यावर चालतं ते मशीन) हे आपोआप बरोबर वाचलं जातं म्हणून चूक कळतच नाही, एस३९०एक्स (आयबीएम मेनफ्रेम, क्रम उलटा म्हणजे बिग एंडियन) होस्टवर चालवलं की तोच अ‍ॅड्रेस ७८५६३४१२ होतो आणि तुम्ही बसा डोकं खाजवत (मी बसलोय). म्हणून प्रत्येक फील्ड वाचताना एलई३२-टू-सीपीयू (३२ बिटांचा लिटल एंडियन आकडा होस्टच्या क्रमात आणणारं फंक्शन), परत लिहिताना सीपीयू-टू-एलई३२, आणि १६ बिटांचं फील्ड असेल तर १६ वालंच.

पण डिस्कचा सेक्टर किंवा नेटवर्कचं पॅकेट मात्र जसंच्या तसं कॉपी करा, त्याला स्वॅप लावलात तर गेस्टच्या फाइलींची पार वाट लागेल.

व्हर्टआयओत (व्हर्च्युअल डिव्हाइसचं स्टँडर्ड) जुनं लेगसी गेस्टच्या ऑर्डरने चालतं, १.० पासून लिटल एंडियन.